निद्रास्थानाचा निर्णय होईपर्यंत

मूल जन्माला आले की ते कुठेतरी झोपवावे लागते, ही गोष्ट लोणावळ्यात फार पूर्वीपासून माहीत होती. मात्र ती नुसतीच माहीत होती, तिचा विचार कुणी केलेला नव्हता. तो प्रथम चिंतामणीने केला. त्याबद्दल त्याला सगळा दोष देता येणार नाही, कारण तो नुकताच बी.एस्सी. झाला होता.

चिंतामणी गावातल्या शाळेत शास्त्र शिकवायचा. दूध उतू जाऊ लागले की ते का उतू जाते हे तो आधी सांगायचा आणि मग भांडे उतरवायचा. त्याची बायको सुनेत्रा तळेगावची. तिची आई हयात नसल्यामुळे पहिले बाळंतपण माहेरी न होता लोणावळ्यातच, त्यांच्या दोन खोल्यांत झाले. मुलगी झाली. सगळे करायला चिंतामणीची आत्या अंबूबाई आली होती. तिने मुलीला सुपात घातले, खाली मऊ धोतराची घडी, डोक्याखाली मोहरीची उशी, आणि सूप बाळंतिणीच्या बाजेवर. चिंतामणी हे सारे लक्षपूर्वक पाहत होता.

"आत्या, सुपातच का?"

"मग काय चाळणीत ठेवू?"

"तसं नव्हे. सुपाने नेमकं होतं काय?"

"तूही सुपातच होतास. बघ काय झालंय ते."

या उत्तरातून सुपाच्या बाजूने आणि विरुद्ध असे दोन्ही निष्कर्ष निघत होते. चिंतामणीने पुढचा प्रश्न विचारला.

"आणि पाळण्यात कधी घालायचं?"

"बारशाला. त्याच्या आधी पाळण्यात घालत नाहीत, आणि पाळण्यात घातल्याशिवाय बारसं होत नाही. शेजारच्या मुक्ताबाईंचा पाळणा सांगून ठेवलाय. त्यांची सगळी पोरं त्यात वाढली."

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मुलीला सख्खी आत्या नव्हती, म्हणून तो मान बापाच्या आत्येकडे आला होता, आणि अंबूबाई त्यासाठी नवे लुगडे घेऊन आली होती. नाव सुनेत्राने ठरवले होते. तिने ते अंबूबाईला कानात सांगितले होते आणि बारशाच्या आधी ते तोंडातून काढायचे नाही, असे दोघींचे ठरले होते.

इथवर सगळे सुरळीत होते. पण चिंतामणीच्या मनात शंका होती. शंका मनात ठेवणे त्याला अशास्त्रीय वाटायचे, म्हणून त्याने ती गावातल्या शिशुहितवर्धक मंडळाकडे लेखी पाठवली : 'नवजात बालकास झोपण्यासाठी वस्तुतः काय आवश्यक आहे?'

मंडळाची स्थापना होऊन, हार घालून, फोटो काढून झाले होते. त्यानंतर मंडळापुढे काम असे काही आलेले नव्हते. अध्यक्ष रावसाहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीत त्यांना सर्वांत जास्त उणीव भासायची ती विचाराधीन गोष्टींची. त्यांनी तातडीची सभा बोलावली.

"प्रश्न मूलभूत आहे," रावसाहेब म्हणाले. "इतकी वर्षं आपल्याकडची मुलं कशाच्या आधारावर झोपत होती?"

"नुसतीच झोपत होती, रावसाहेब," महिपतशेट म्हणाले. त्यांची कामशेतला सागवानाची वखार होती.

"कुणाच्या परवानगीने म्हणायचं?"

परिस्थिती इतकी गंभीर असेल असे कुणाला वाटले नव्हते. लगेच उपसमिती नेमण्यात आली : रावसाहेब, महिपतशेट, गावचे डॉक्टर आणि चिटणीस म्हणून चिंतामणी. निर्णय होईपर्यंत निदान चिटणीसांच्या घरी तरी कोणतीही व्यवस्था सुरू करू नये, अन्यथा उपसमितीचे मत आधीच ठरले आहे असा समज पसरेल, असाही ठराव झाला.

"कोणतीही म्हणजे पाळणासुद्धा?" चिंतामणीने विचारले.

"पाळणा विशेषतः."

"पण परवा बारसं आहे."

"मग ते परवा नाही," रावसाहेब मायेने म्हणाले.

घरी अंबूबाईने हे ऐकून नवे लुगडे पुन्हा घडी करून ठेवले आणि ती चिंतामणीशी बोलायची थांबली. सुनेत्राने एवढेच विचारले, "अहो, मग तोवर हिला हाक काय मारायची?"

"कागदोपत्री 'सदर बालिका' असं म्हणतात."

थोड्याच दिवसांत गवळी दूध घालताना "सदर कशी आहे?" असे विचारू लागला.

उपसमितीने साक्षी घ्यायला सुरुवात केली. महिपतशेटांनी पाळण्याची बाजू मांडली : सागवान, पितळी साखळ्या, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. बाळ किती दिवस त्यात मावते, हा प्रश्न त्यांना गौण वाटला. डॉक्टरांनी लोखंडी पलंगाची शिफारस केली. लोणावळ्यात रेल्वेचा कुणी गोरा साहेब विलायतेला निघाला की त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव व्हायचा, आणि गावातल्या प्रत्येक बऱ्या घरात त्यातली एखादी वस्तू होती. स्वतः रावसाहेबांच्या घरी एक मोठा बाथटब होता आणि त्यात आंबेमोहोर साठवलेला असायचा. डॉक्टरांकडे अशाच लिलावातला एक छोटा लोखंडी पलंग होता. चार बाजूंना गज, वर मच्छरदाणी. तो त्यांनी साक्षीलाच आणला होता.

"मूल यात एकटं ठेवायचं," डॉक्टर म्हणाले. "रडलं तरी उचलायचं नाही. विलायतेत असंच करतात."

तिसरी साक्ष धोंडाबाई सुईणीची. आजूबाजूच्या गावांतली निम्मी माणसे तिच्या हातून या जगात आलेली, त्यामुळे ती कुणालाच फारसा मान द्यायची नाही.

"सूप, वाकळ, आन् बाजंखाली इस्तू," ती म्हणाली. "दुसरं काय बी लागत न्हाई."

"खाली विस्तव?" डॉक्टर ओरडले. "भाजेल ते पोर!"

"आमी काय भाकर भाजतोय व्हय? शेकतोय. तुमी बी असंच शेकून निघाला असाल, म्हनून तर हितं बसलाय. आन् सूप माज्या जावंच्या हातचंच पायजे. बाजारातलं चालत न्हाई, पोराला बादतं." मग तिची नजर पलंगाकडे गेली. "ह्यो कशाला आनलाय? ह्यो तर टायग्याचा हाय."

"टायग्या कोण?" रावसाहेबांनी विचारले.

"सायबाचं कुत्रं! माजा भाऊ तितं बटलर व्हता न्हवं. लय लाडाचं कुत्रं. ह्यातच निजायचं."

डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"त्या कुत्र्याची प्रकृती उत्तम होती," ते म्हणाले, आणि रावसाहेबांनी हा मुद्दा पलंगाच्या बाजूने नोंदवून घ्यायला सांगितला.

मतभेद असल्यामुळे प्रत्यक्ष प्रयोग करावा असे ठरले. तिन्ही नमुने चिंतामणीच्या घरी पाठवण्यात आले. पाळणा मधल्या तुळईला टांगला गेला. पलंग भिंतीशी लागला. धोंडाबाईच्या जावेने एकाऐवजी लहान, मध्यम आणि मोठे अशी सुपे पाठवली, कारण मूल वाढते. एवढे सामान आत आल्यावर बाजेला जागा उरली नाही, म्हणून बाज पडवीत गेली. पडवीत धुके यायचे, तेव्हा बाळंतिणीने तिथे झोपणे शक्य नव्हते. सुनेत्रा आतच, पलंग आणि पाळणा यांच्यामधल्या सांदीत, भिंतीला टेकून बसू लागली. मुलगी तिच्या मांडीवर.

चिंतामणीने प्रयोग चोख केला. सदर बालिकेस पाळण्यात ठेवले, ती रडली. पलंगात ठेवले, ती रडली आणि गजांना घाबरली. सुपात ठेवले, ती थोडी थांबून रडली. प्रत्येक वेळी तिला शांत करण्यासाठी सुनेत्राच्या मांडीवर द्यावे लागे, आणि प्रत्येक वेळी ती तिथे झोपे. चिंतामणी खरा शास्त्रज्ञ होता. निष्कर्ष अनपेक्षित आला म्हणून तो लपवणारा नव्हता. पुढच्या सभेत त्याने उभे राहून सांगितले, "नवजात बालकास झोपण्यासाठी मांडी पुरते."

"कोणाची मांडी?" रावसाहेब.

"आईची."

"मांडी निर्जंतुक करता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"आणि ती कुठल्या लाकडाची करायची?" महिपतशेटांनी विचारले.

रावसाहेब मात्र खिन्न झाले. "चिंतामणराव, जी वस्तू घरोघरी आधीपासूनच आहे तिची शिफारस करायची, तर मंडळ कशाला काढलं आपण?"

याला तोड नव्हती. शिवाय डॉक्टरांनी प्रयोगातली मोठी चूक दाखवून दिली. मूल झोपत नव्हते ते व्यवस्थेमुळे नव्हे, तर आई जवळ असल्यामुळे. आई हा प्रयोगात बाधा आणणारा घटक आहे. तो दूर केल्याशिवाय निष्कर्ष ग्राह्य धरता येणार नाहीत. म्हणून सदर आईने काही काळ तळेगावी जाऊन राहावे, असे एकमताने ठरले. एकमतात चिंतामणीचेही मत होते, कारण त्याला यात तर्काची चूक सापडेना. प्रयोगशाळेत तोही असेच शिकला होता : एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

घरी येईपर्यंत त्याला ते पटलेले होते. सुनेत्रासमोर उभे राहिल्यावर ते सांगायला थोडे अवघड गेले.

"मी दूर जायचं?" सुनेत्राने विचारले.

"थोडे दिवस. समितीने तळेगाव सुचवलंय."

"आणि ही?"

"ही इथेच. हिच्यावरच तर प्रयोग आहे."

सुनेत्राचे डोळे लाल झाले होते. किती दिवसांत ती आडवी झालेली नाही, हे मोजायचे चिंतामणीच्या कधी लक्षातच आले नव्हते. ती रडली नाही, भांडलीही नाही. ती म्हणाली, "बसा."

"का?"

"बसा म्हणते ना."

तो सांदीत बसला. तिने मुलगी त्याच्या मांडीवर दिली, पलंग सरकवत ढकलत पडवीत घालवला, आणि अंबूबाईच्या मदतीने बाज आत ओढून तिच्यावर अंग टाकले. "घ्या," ती म्हणाली, "आई प्रयोगातून दूर झाली." आणि तिने डोळे मिटले.

मुलगी थोडी कुरकुरली. चिंतामणी घाबरून गुडघा हलवू लागला. मग ती झोपली. त्याच्या पायाला मुंग्या आल्या, पाठ आखडली, संध्याकाळच्या पुढच्या सभेची वेळ झाली. उठायचे म्हटले तर ती ओठ काढायची. त्याने शेजाऱ्याबरोबर रावसाहेबांना निरोप पाठवला की काही अपरिहार्य कारणामुळे चिटणीस येऊ शकत नाहीत. आपल्या हातात असताना तिला 'सदर' म्हणणे त्याला पहिल्यांदाच जड गेले. हिला नाव आहे, ते दोन बायकांना ठाऊक आहे, आणि ते तिच्या कानापर्यंत पोचू नये अशी व्यवस्था आपण केली, हे त्याच्या ध्यानात आले.

"आत्या," तो हळूच म्हणाला.

अंबूबाई कितीतरी दिवसांनी बोलली. "काय?"

"हिचं नाव सांग हिच्या कानात."

"पाळणा हलल्याशिवाय?"

"मी हलतोय ना."

अंबूबाईने टांगलेल्या कोऱ्या पाळण्याकडे पाहिले, कोपऱ्यातल्या सुपांकडे पाहिले, मग गुडघा हलवत घामाघूम झालेल्या बी.एस्सी.कडे पाहिले. तिने उठून घडीचे लुगडे नुसते खांद्यावर टाकले आणि खाली वाकून मुलीच्या कानात कुर्रर्र केले.

"मोठ्याने सांगा," बाजेवरून सुनेत्रा डोळे न उघडता म्हणाली. "मलाही ऐकू द्या."

"नीरजा," अंबूबाई म्हणाली.

नीरजा झोपेत हसली. ती नावाला हसली की आणखी कशाला, हे चिंतामणीने तपासले नाही.

उपसमितीला या बारशाची कल्पना नव्हती. चिटणीसांच्या गैरहजेरीत तिने कुणालाही न दुखावता निर्णय घेतला होता. सागवानी चौकट, लोखंडी गज, पितळी साखळ्या, तळाला सूप, त्याखाली विस्तवाचा कप्पा आणि वर मच्छरदाणी अशी एकच व्यवस्था तयार झाली. तिला 'शास्त्रोक्त शिशुनिद्रामंच' हे नाव मिळाले. ती इतकी वजनदार झाली की कौलारू घरांच्या तुळया टिकतील का, यासाठी दुसरी उपसमिती नेमावी लागली. पहिला मंच समारंभाने चिंतामणीच्या घरी बसवण्यात आला, तेव्हा नीरजा रांगत होती. फोटोत मंच आहे, रावसाहेब आहेत, महिपतशेट आणि डॉक्टर आहेत. मूल नाही, पण फोटो पाहणाऱ्याला ते जाणवत नाही.

अहवालात चिंतामणीने प्रामाणिकपणे लिहिले की मंचात बालिका झोपली नाही. रावसाहेबांनी त्याला बाजूला बोलावून घेतले. "चिंतामणराव, 'झोपली नाही' असं लिहू नये. 'झोपण्यास भरपूर वाव आहे' असं लिहावं."

मंच खपू लागले. लोणावळा, खंडाळा, तळेगाव, पार सुदुंबऱ्यापर्यंत गेले. मंडळाची मान्यता आहे म्हणून लोक घेतात, असे चिंतामणीला वाटायचे. पण त्याचा स्वभाव चौकस, म्हणून तो एकदा घरोघरी जाऊन पाहून आला. एका घरी मंचावर कुरडया वाळत होत्या. दुसऱ्या घरी गाद्यांची चवड होती. मूल कुठेही नव्हते, आणि मंडळाचे नावही कुणी घेतले नाही. "शेजारच्यांनी सांगितलं, फार उपयोगी आहे," असेच जो तो म्हणाला.

तुम्ही हसताय, हसा. पण तुमच्याही घरात तो मंच आहे, कदाचित दुसऱ्या नावाचा. त्यात धुतलेले कपडे ठेवलेत, तेही माझ्या लक्षात आले. ते राहू दे. परवा शेजारची ती दिवस गेलेली मुलगी तुमच्या दारात उभी राहून विचारत होती ना, "काकू, खरंच लागतो का हो हा?" तेव्हा कपड्यांवर चादर ओढून, "अगं, याच्याशिवाय मूल वाढतंय कुठलं!" असं कोण म्हणालं?