गाडी सरळ, जमीन तिरपी

मनुष्यजातीच्या प्रगतीचा इतिहास म्हणजे मुख्यतः धक्के न बसण्याचा इतिहास होय. माणूस अनवाणी चालायचा तेव्हा खडा टोचला की त्याला लगेच कळायचं. मग जोडे आले, चाकं आली, स्प्रिंगा आल्या आणि शेवटी चाकाच्या डोक्यावर हवेने भरलेली रबरी पिशवी आली. अशा चार पिशव्यांवर तरंगणाऱ्या गाडीत बसलं की खाली जमीन कशी आहे याची काही खबर लागत नाही. (ज्यांना या गाड्या परवडतात त्यांना जमिनीची खबर आधीपासूनच फारशी नसते, हा निव्वळ योगायोग समजावा.)

फरशीवाले मात्र त्यातले नव्हते. त्यांचं सगळं आयुष्य जमिनीवर उकिडवं बसण्यात गेलं होतं. बँका, शाळा, न्यायालय, जिथे जिथे माणसं रांगेत उभी राहतात तिथली फरशी त्यांनी घातलेली. त्यांचं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं: गोटी ठेवली तर ठेवली तिथेच राहिली पाहिजे. त्यासाठी त्यांच्याजवळ एक लाकडी पाणसळ होती. ज्या मिस्त्रींकडे ते शिकले त्यांनी ती दिलेली. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की फरशीवाले समाधानाने उठत आणि मगच गुडघे दुखल्याची तक्रार करत.

धंद्यात जम बसल्यावर त्यांनी तसली एक पिशव्यांवरची गाडी घेतली. ती खडकांवर चढायची, छातीएवढ्या पाण्यातून पलीकडे जायची, वाळूत रुतायची नाही. फरशीवाले ती घरून गोदामापर्यंत आणि गोदामाहून घरापर्यंत चालवत. वाटेत डोंगर नव्हता, नदीही नव्हती. एक गतिरोधक होता, तो गाडीने पहिल्याच दिवशी लीलया पार केला.

काही महिन्यांनी एका सकाळी गाडी पोर्चमध्ये डाव्या मागच्या कोपऱ्यात बसलेली दिसली, एका कुल्ल्यावर रेलून बसलेल्या म्हाताऱ्यासारखी.

"अहो, गाडी कलंडलीय," बायको म्हणाली.

"कलंडली काय! विसावलीय," असं म्हणून फरशीवाले ती सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले.

या सेंटरचं कौतुक करावं तेवढं थोडं. पूर्वी गाडी बिघडली की एक माणूस तिच्याखाली शिरायचा आणि काळा होऊन बाहेर यायचा. ही रानटी पद्धत तिथे केव्हाच बंद झाली होती. गाडीखाली कोणी जात नाही. तिला एक वायर लावतात आणि तिचं म्हणणं पडद्यावर वाचतात. मालकाचं म्हणणंही ऐकून घेतात, पण ते कॉफी देताना. फरशीवाल्यांच्या गाडीचं म्हणणं होतं, 'दोष आढळला नाही.' आणि खरोखरच ती तिथे चारी चाकांवर ताठ उभी होती. (गाडी चालू केली की पंप पिशवीत हवा भरतो आणि गाडी उठते, रात्रभर बंद राहिली की फाटक्या पिशवीतून हवा जाते आणि गाडी बसते. ही माहिती केवळ वाचकांसाठी आहे. निदानाशी तिचा संबंध नाही.)

टाय लावलेल्या सल्लागाराने अत्यंत शास्त्रीय पद्धतीने चौकशी केली.

"सर, आत्ता गाडी सरळ आहे?"

"आहे."

"रस्त्यात येताना?"

"सरळच होती."

"मग तिरपी कुठे दिसते?"

"घरी."

सल्लागाराने आवाज खाली आणला. "सर, तुम्ही घर एकदा दाखवून घ्या."

या तर्कात खोट काढणं अवघड आहे. सेंटरच्या आकडेवारीनुसार तिरपेपणाच्या शंभर तक्रारींपैकी एक्याण्णव जमिनीच्या निघतात आणि सात मालकाच्या डोळ्यांच्या. उरलेल्या दोन गाड्या मागच्या आवारात उभ्या आहेत आणि तिकडे जायची परवानगी नाही.

"अहो, ती फरशी मी स्वतःच्या हाताने घातलीय!" फरशीवाले म्हणाले. सल्लागाराने सहानुभूतीने मान हलवली. आपल्या लेकराचा दोष आईबापांना दिसत नाही हे त्याला प्रशिक्षणात शिकवलं होतं.

घरी येऊन फरशीवाल्यांनी पाणसळ काढली. फरशीवर ठेवली: बुडबुडा मधोमध. सकाळी गाडीच्या मागच्या भागावर आडवी ठेवली: बुडबुडा उजवीकडे पळाला. त्यांनी आनंदाने सल्लागाराला फोन केला.

"सर, ती पाणसळ शेवटची अपडेट कधी केली होती?" सल्लागाराने विचारलं.

फरशीवाल्यांनी फोन ठेवला. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी पाणसळ पुसली आणि कपाटात ठेवून दिली.

बायकोने हार मानली नव्हती. डाव्या चाकापाशी बारीक फुसफुस ऐकू येते म्हणून तिने आधी साप शोधला, मग बादलीभर साबणाचं पाणी त्या पिशवीवर ओतलं. टपोरे बुडबुडे आले. याचा व्हिडिओ सेंटरला पाठवण्यात आला. उत्तर तत्परतेने मिळालं: साबण हे मान्यताप्राप्त निदान-साधन नसून, बुडबुड्यांवरून फक्त साबण चांगला असल्याचं सिद्ध होतं.

एरवी हे प्रकरण इथेच रेंगाळलं असतं. पण एक डॉक्टरीणबाई नवं इस्पितळ बांधत होत्या आणि त्याच्या फरशीचं काम कोणाला द्यायचं ते ठरवण्याआधी नमुना म्हणून फरशीवाल्यांचं पोर्च बघायला येणार होत्या. स्ट्रेचरवरचा हात काढला तरी ते जागेवर थांबलं पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. हे काम मिळालं की हयातभराच्या उकिडवं बसण्याचं चीज होणार होतं. आणि पोर्चमध्ये तर गाडी तिरपी उभी. बघणारा म्हणणार, एक तर गाडी खराब नाहीतर फरशी.

फरशीवाल्यांनी शांतपणे विचार केला. गाडी खराब म्हणावी तर मशीन नाही म्हणतं. शिवाय भाऊबंदांना तिची तारीफ इतकी ऐकवून झाली होती की आता माघार घेणं म्हणजे हसं. फरशीचं तसं नाही. ती बिचारी कोणाचं काय ऐकणार? आणि तिचा दोष गुपचूप दुरुस्त करायला घरातच कारागीर होता.

त्यांनी पोर्च उखडलं. पहिली फरशी निघाली तरी हात थांबला नाही. गाडीच्या डाव्या मागच्या चाकाखालची जमीन उचलून घेतली. सकाळी गाडी सरळ! पुढच्या आठवड्यात पिशवी आणखी बसली, तेव्हा जमीन आणखी उचलली. घरातल्यांनी पोर्चमधून जाताना उजवा पाय जरा लांब टाकायची सवय करून घेतली. सेंटरचा माणूस येऊन बघून गेला आणि सही-शिक्क्याचा दाखला देऊन गेला: 'वाहन सरळ. सबब जमीन निर्दोष.'

डॉक्टरीणबाई आल्या. आपल्या गाडीतून उतरून पोर्चमध्ये पाय ठेवताच त्यांचा तोल गेला. हातातली पाण्याची बाटली सुटली आणि घरंगळत थेट फाटकापर्यंत पोचली. बायकोने ती आणून दिली.

"फरशीवाले, ही जमीन तिरपी आहे हो."

बाई खरं तेच बोलत होत्या. हे फरशीवाल्यांना त्यांच्याहून जास्त ठाऊक होतं. 'हो' म्हणायला त्यांचे ओठही हलले. मग त्यांनी ताठ उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं आणि खिशातून दाखला काढला.

बाईंनी तो दोनदा वाचला. त्यांचा चेहरा उजळला.

"रिपोर्ट नॉर्मल आहे की! मग मलाच गरगरलं असणार. माझ्याकडे रोज माणसं येतात, इथे दुखतं, तिथे दुखतं म्हणतात. रिपोर्ट बघते, त्यात काही नसतं. घरी पाठवून देते. आणि मीच अशी बोलले बघा!"

काम फरशीवाल्यांना मिळालं, आणि तेही याच पद्धतीने करायच्या अटीवर. तेव्हापासून इस्पितळाच्या एकेका दालनात गाडी रात्रभर उभी करण्यात येई आणि सकाळी तिच्याखालची जमीन तिच्या म्हणण्याप्रमाणे करून घेण्यात येई. अशा रीतीने डोंगर चढण्यासाठी बनवलेल्या गाडीचा अखेर उपयोग झाला. इस्पितळ आता सुरू आहे. स्ट्रेचरवरचे रुग्ण आपोआप उजव्या भिंतीकडे जातात, त्यामुळे वॉर्डबॉयची संख्या कमी करता आली. एका आजोबांनी जमीन तिरपी असल्याची तक्रार केली, तेव्हा तोलाचा दोष कानात असतो म्हणून त्यांचे कान तपासायला घेतले.

"अहो, सगळ्यांचं राहू दे," बायको एकदा म्हणाली. "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"मला वाटतं त्याचा रिपोर्ट कुठे निघतो गं?" फरशीवाले म्हणाले आणि भिंतीला धरून आत गेले.

वाचकहो, फरशीवाल्यांचं तुम्हाला हसू आलं असेल तर जरूर हसा. मात्र आज सकाळी जाग आल्यावर झोप झाली की नाही हे तुम्ही अंगाला न विचारता मनगटावरच्या घड्याळाला विचारलंत. त्याने 'उत्तम झाली' म्हणून सांगितलं. आणि तेवढ्यात आलेली जांभई तुम्ही चुकीची समजून गिळून टाकलीत.