प्रशिक्षणार्थी क्रमांक एक

संस्थेच्या प्रशिक्षण कक्षात वीस संगणक मांडून, त्यांवर लिनक्स ही संगणकप्रणाली चढवून, ते सर्व एका सर्व्हरला जोडण्याचे आणि पुढे तिथे शिकवण्याचे काम माझ्याकडे आले, ते मी कुशल होतो म्हणून नव्हे. बैठकीत 'नाही' म्हणण्याचे धैर्य नसलेला मी एकटाच होतो. काम तडीस गेले, तर माझी कंत्राटी नोकरी कायम होणार होती.

रचना मनासारखी उतरली. कोणीही कुठल्याही संगणकापुढे बसावे, आपले नाव व पासवर्ड द्यावा, आणि सर्व्हरवर ठेवलेले आपलेच कागद समोर उघडावेत. भरल्या कक्षात प्रत्येकाला स्वतःची एक बंद खोली! माझ्यासारख्या बुजऱ्या माणसाला या कल्पनेने भरून आले. केबली जोडताना टेबलांखाली जे सुख मला लाभले, ते टेबलांच्या वर क्वचितच लाभले आहे.

खाती उघडण्यासाठी नावे हवी होती. ती मागायला मी आस्थापना शाखेत गेलो.

"नावं मंजूर होतील," हेडक्लार्क म्हणाले, "पण प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांचीच. तसा नियम आहे."

"पण नावाशिवाय प्रशिक्षण सुरूच होत नाही."

"मग घाई कोणाला आहे?"

घाई संचालकांना होती. उद्घाटनाचा हार आला होता. तेव्हा भित्र्या माणसाने जे करावे तेच मी केले. 'प्रशिक्षणार्थी क्रमांक एक' या नावाचे एकच खाते उघडले आणि त्याचा पासवर्ड प्रशिक्षणाला आलेल्या वीसही कर्मचाऱ्यांना दिला. "तात्पुरतं आहे," असे मी पुटपुटलो. या शब्दाइतके टिकाऊ मी आयुष्यात दुसरे काही बांधलेले नाही.

वीसही जण एकाच खोलीत शिरले.

"अहो, माझं पत्र कुठं गेलं?" टंकलेखिका बाई ओरडल्या.

"तुमचं होतं होय?" भांडारपाल म्हणाले. "मला वाटलं कचरा आहे. झाडून काढला."

त्यांनी पडद्यावर आपल्या नातवाचा फोटो लावला, तो विसांच्याही पडद्यावर हसू लागला. "गोड आहे हो," म्हणत बाईंनी पत्र पुन्हा टंकायला घेतले. मी मात्र रोज मनाशी म्हणत होतो, उद्या संचालकांना खरे सांगू.

महिनाअखेरीस सर्व्हरने अहवाल दिला: प्रशिक्षणार्थी एकच, परंतु सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड हजर, आणि काम वीस माणसांचे. प्रमाणपत्र त्यालाच मिळाले. संचालकांनी मला बोलावले.

"कोण हो हा क्रमांक एक? जेवायलासुद्धा उठत नाही!"

"साहेब, तो माणूस नाही. ते खातं आहे."

"असू दे. आपण भेदभाव करत नाही." त्यांनी आदेशावर सही केली. "कायम जागा एकच होती. प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे. तुमच्याकडे?"

मी शिकवत होतो. शिकल्याचे प्रमाणपत्र माझ्याकडे कुठले?

"शिवाय," ते हळुवारपणे म्हणाले, "तुम्ही अधूनमधून दिसता. तो दिसतसुद्धा नाही."

हा घाव वर्मी लागला. कोणाच्या नजरेस न पडण्याच्या बाबतीत तरी मला कोणी मागे टाकणार नाही, असा माझा समज होता.

घरी आईने कपाळावर हात मारला. "तुझ्या हाताखाली आला आणि तुझ्याच जागेवर बसला? बोलाव एकदा त्याला घरी. चार गोष्टी शिकशील."

माझ्या कंत्राटाच्या शेवटच्या दिवशी कक्षात वीसही जण एकमेकांचे अभिनंदन करत होते. नेमणूक आपलीच झाली, अशी प्रत्येकाची खात्री होती.

"तुमचं तोंड का उतरलंय?" बाईंनी मला विचारले.

"माझी नोकरी गेली."

"अगं बाई! मग आता आमचा पासवर्ड कोण बदलून देणार?"

मी तो बदलून दिला आणि निघालो. बाईंना मी दोष देत नाही. इथवर तुम्हीही वाचत आलात. खरे सांगा, माझे काय होणार याची काळजी वाटत होती, की क्रमांक एकचे पुढे काय झाले याची उत्सुकता?

तो खुशाल आहे.