मिल्टनमधला इटालियन किल्ला

परदेशात मिल्टनला राहायला आल्यावर मी शेजारच्या सबनीस भाऊजींकडे पहिल्यांदा गेले, तर त्यांनी माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. खोटं नाही सांगत. हातात चकल्यांचं ताट, बेल दाबून मी दारात उभी, आणि वरच्या खिडकीतून धार. मी ओरडायचंसुद्धा विसरले. वरून शांत आवाज आला, "वहिनी, दारात उभा राहणारा कधी वर बघत नाही. तिथंच तो मरतो."

मग टॉवेल आणला, आल्याचा चहा केला, आणि समजावून सांगितलं की इटलीतल्या जुन्या किल्ल्यांच्या दरवाजावर तट असा पुढे काढलेला असतो, त्याच्या तळाला भोकं ठेवतात आणि शत्रू खाली आला की वरून दगड, पाणी. "उकळतं ओततात. तुमच्यासाठी कोमट केलं."

आयुष्यभर पूल बांधले या माणसानं, रिटायर झाल्यावर किल्ल्यांत शिरला. बायको गेलेली, घर मोठं. कुठंही गेले तरी एकच पालुपद, "शत्रूच्या डोळ्यांनी बघा." आमचं मागचं काचेचं दार बघून म्हणाले, वहिनी, तुम्ही फितूर आहात. आमच्या गॅरेजमध्ये माझ्या नवऱ्यानं बर्फातले विंटर टायर रचून ठेवले होते, तर म्हणे शत्रूला आयती शिडी. शत्रू कोण, हे मात्र मी विचारत नसे. इथल्या सगळ्या मराठी मंडळाला ठाऊक होतं. मुलगा अमेय गाडीनं तासाभरावरच्या वॉटर्लू गावात, पण त्यानं इटालियन मुलीशी लग्न केलं तेव्हा भाऊजी लग्नाला गेले नाहीत. त्यानंतर बोलणं बंद. नात चार वर्षांची झाली, ती फक्त फोटोत पाहिलेली.

दिवाळीत मात्र गॅरेजमध्ये किल्ला व्हायचाच. पोरंबाळं असोत नसोत, गाडी बाहेर, माती आत. अठरा साली दिवाळी नोव्हेंबरात आली. मी फराळाचं द्यायला गेले आणि थबकलेच. मधोमध उंच चौकोनी मनोरा, त्याला दार होतं पण दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, आणि जिना नाही.

"आत जायचं कसं?" मी विचारलं.

"शिडीनं. मग शिडी वर ओढून घ्यायची. बाकी सगळं पडलं तरी मालक वर सुरक्षित."

"एकटाच?"

ते माती थापत राहिले. मग म्हणाले, "हा सूनबाईंच्या आजोळचा आहे. गावाच्या डोक्यावर. इंटरनेटवर लांबूनचा फोटो मिळाला."

मी तिथल्या बादलीवरच बसले. सूनबाई हा शब्द त्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. तेवढ्यात दुसरा धक्का. त्यांच्या हातात माझं करंजीचं कातण, चिखलानं भरलेलं. परवा मागून नेलं होतं ते यासाठी. तटावर ओळीनं उभ्या दातांसारख्या ठोकळ्यांच्या, म्हणजे दात्यांच्या, डोक्यात त्यानं पाकोळीच्या शेपटीसारख्या खाचा पाडत होते. म्हणाले, खाच असेल तर किल्ला सम्राटाच्या बाजूचा, दाता सपाट असेल तर पोपच्या. फोटोत दिसत नव्हतं, पण इतिहासावरून खाचाच असणार. या दोन पक्षांत शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला होता म्हणे.

"मग बोलवा ना त्यांना बघायला," मी म्हटलं.

"तुम्ही फोन करा, वहिनी. मी केला तर त्याला डाव वाटेल."

मी केला. अमेय 'बघतो' म्हणाला आणि ठेवला. भाऊजींनी पाडव्याला सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून गॅरेजमध्ये खुर्ची टाकली. दुपार झाली, चहा निवला. मी आपली काहीतरी निमित्त काढून तिथंच घुटमळत होते. शेवटी गाडी आली.

बापलेक एकमेकांकडे न बघता टायरांबद्दल बोलले. नात थेट मनोऱ्यापाशी. सूनबाई, तिचं नाव जूलिया, किल्ल्यासमोर उकिडवी बसून एकेक भिंत बघत गेली. मग हळूच इंग्रजीत म्हणाली, सगळं तसंच आहे, फक्त हे दाते सपाट हवेत. "मी लहानपणी त्यांच्यावर बसून आइस्क्रीम खायचे. खाचेवर कसं बसणार?"

भाऊजींची चूक सहसा कुणी काढत नसे. मंडळात एकानं काढली होती, तो त्यांच्याकडे परत आला नाही. अमेयनं गाडीची किल्ली खिशातून बाहेर काढली.

भाऊजी उठले. माझं कातण सदऱ्याला पुसलं, आणि तिच्यापुढे धरलं.

"युवर किल्ला," ते म्हणाले. "यू कट."

ती चांगल्या कपड्यांनिशी खाली बसली आणि एकेक खाच सपाट करत गेली. आजोबा नातीला मनोऱ्याच्या दारासाठी आइस्क्रीमच्या काड्यांची शिडी करून देत होते. वारा सुटला, बारीक बर्फ आत यायला लागलं, म्हणून मी गॅरेजचं दार ओढायला गेले.

"राहू दे, वहिनी," भाऊजी मान वर न करता म्हणाले. "उघडंच राहू दे."