सगुणाबाईंची चोच आणि खरा टचस्क्रीन

एका जंगलात, मुलांनो, वाघ होता पण रेंज नव्हती. मग रेंज आली आणि वाघ गेला. का गेला ते विचारू नका. गोष्ट त्याची नाही.

गोष्ट आहे तुळाजी धनेशाची. धनेश म्हणजे तो मोठ्या पिवळ्या चोचीचा पक्षी. उडायला लागला की पंखांचा आवाज लांबून ऐकू येतो, आणि बोलायला लागला की त्याहून लांबून.

त्याच्या बायकोचं नाव सगुणा. धनेशांच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी चीर तेवढी राहते. त्या चिरेतून नवऱ्याने तिला फळं भरवायची. नवऱ्याला दुसरं काम नाही. पण हेच काम भारी असतं.

सगुणाबाई आत गेल्या तेव्हा फोन घेऊनच गेल्या. फोन जुना होता. त्याचा पडदा दाबावा लागे. पण चोचीने दाबला तरी त्याला कळे. तुळाजीने मात्र कोल्ह्याच्या दुकानातून नवा फोन आणला होता. त्याला नुसतं मऊ कातडं लागलं की पुरे. चोच, खूर, शिंग यांना तो ओळखही देत नसे.

एवढ्यावरून जंगलात वाद पेटला. खरा टचस्क्रीन कोणता?

मोहाच्या झाडाखाली सभा भरली. अध्यक्ष होते भिवाजी गवा. त्यांचं नाक कायम ओलं असे, त्यामुळे नवा फोन त्यांच्या नाकाने छान चालायचा. नव्याच्या बाजूने सगळ्यांत पुढे होता लवंगराव वानर. त्याची बोटं मऊ होती, आणि जीभ त्याहून.

"स्पर्श म्हणजे स्पर्श!" लवंगराव म्हणाला. "दाबायचंच असेल तर दाराची बेल काय वाईट?"

जंगलात दारं नव्हती. तरी टाळ्या पडल्या.

साळिंदर म्हणालं, "मी नुसता शेजारून गेलो तरी पडद्यावर उमटतं." त्याला कोणी जवळ बसू देत नव्हतं.

अस्वलाने विचारलं, "मी चाटतो. चाटणं स्पर्शात धरायचं का?"

अध्यक्षांनी खूप विचार केला आणि चाटण्यासाठी उपसमिती नेमली.

तुळाजी ऐकायला म्हणून आला होता. चोचीत उंबरं होती, ती घरी न्यायची होती. पण लवंगराव म्हणाला, "तुळाजीपंत, तुमच्यासारख्या जाणकाराने दोन शब्द बोलावेत." पंत म्हटल्यावर तुळाजीने उंबरं गिळून टाकली आणि बोलायला उभा राहिला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सगुणाबाईंचा निरोप होता. "अहो, भूक लागली."

"कोणाचा?" लवंगरावाने मान लांब केली.

"घरचा."

"कुठल्या फोनवरून?"

तुळाजी पुटपुटला, "जुन्या."

"म्हणजे दाबून पाठवलेला? मग तो आला असं म्हणायचं कसं?"

सभा खो खो हसली. तुळाजीला फार लाज वाटली. सगुणा आत उपाशी आहे हे त्याला कळत होतं. पण समोर एवढी मंडळी होती, आणि पंत म्हणणारं घरी कोणी नव्हतं. त्याने फोन पंखाखाली सारला आणि मोठ्याने ठराव मांडला, "खोट्या पडद्यावरून आलेला निरोप, निरोप धरू नये!"

ठराव एकमताने पास झाला.

इकडे ढोलीत सगुणाबाईंनी वाट पाहिली. पुन्हा निरोप पाठवला. पुन्हा पाठवला. मग त्यांना वाटलं, ह्यांना ससाण्याने तर गाठलं नसेल? त्या अंड्यांवर बसून थोडं रडल्या. रडता रडता वाऱ्यावरून आवाज आला, "अध्यक्ष महाराज, माझा मुद्दा असा आहे!"

सगुणाबाईंनी रडणं थांबवलं. अंड्यांवर आपली गळालेली पिसं पांघरली. चोचीने भिंत फोडली. आत बसल्यावर धनेशिणीच्या पंखांची पिसं झडतात, त्यामुळे उडता येईना. मग फांदीवरून फांदीवर उड्या मारत, मिळेल ती वेल धरत त्या मोहाच्या झाडापाशी पोचल्या.

तुळाजी रंगात आला होता. "स्पर्श म्हणजे अलगद!" तो सांगत होता. "ज्याला जोर लावावा लागतो तो स्पर्श नव्हेच!"

टक्!

"आई गं!" तुळाजी ओरडला आणि डोकं धरून खाली बसला.

"कळलं?" सगुणाबाईंनी विचारलं.

"कळलं."

"जोर लावल्याशिवाय कळलं असतं?"

तुळाजीने डोक्यावरचं टेंगूळ चाचपलं.

"अंडी गार होतायत," त्या म्हणाल्या. मग त्यांनी खोडाला टेकून घेतलं. "आणि मला चक्कर येतेय हो."

ते ऐकल्यावर तुळाजीने ना अध्यक्षांकडे पाहिलं, ना लवंगरावाकडे. त्याने झेप घेतली ती थेट उंबरावर. सगुणाबाई ढोलीत पोचतात न पोचतात तोच तो चोच भरून हजर झाला. भरवून झाल्यावर त्यानेच चिखल आणून दिला. भिंत पुन्हा लिंपली गेली. अंडी थोडी गारठली होती, पण निभावली. यथावकाश आतून बारीक, भांडखोर आवाज यायला लागला. पहिलं पिल्लू वडिलांवर गेलं होतं.

सभेचं काय झालं? सभा चालूच राहिली. जे झालं तो स्पर्श होता की दाब, यावर दोन तट पडले. शेवटी अध्यक्षांनी लवंगरावाला धनेशांच्या झाडावर धाडलं.

"तुळाजीपंत," लवंगराव म्हणाला, "तुमचं टेंगूळ पुरावा म्हणून सभेपुढे हवं आहे. सोबत तुम्हीही या."

तुळाजीने एक उंबर चिरेतून आत सरकवलं आणि हळूच म्हणाला, "घरी विचारून सांगतो."

तात्पर्य : घरच्या निरोपाला लगेच उत्तर द्यावं, हे काही तात्पर्य नव्हे. ते तुळाजीलाही ठाऊक होतं. तात्पर्य एवढंच की, मोठमोठ्या प्रश्नांचा खल करायला घरापासून जरा लांबचं झाड निवडावं.