मावशीच्या वाट्याचे आठ किलोवॉट

क्लिस्ट्रॉन, म्हणजे रडारच्या लहरी निर्माण करणारी नळी, तिसऱ्यांदा उघडून, धुऊन, जोडल्यावरही ब्याण्णववरच अडला, तेव्हा रोदियोनने कपाळावर हात मारून घेतला. शंभर किलोवॉट हवे होते. उद्या मॉस्कोची समिती येणार. आकडा भरला नाही तर प्रयोगशाळेला कुलूप आणि अकरा जणांची पांगापांग.

मोजणी तशी साधी. क्लिस्ट्रॉनमधून निघणाऱ्या लहरी वाहत्या पाण्यात जिरवायच्या. किती पाणी किती तापलं, त्यावरून शक्ती काढायची. गळती शोधायला रोदियोन पाइप चाचपत निघाला. गोर्की शहरातल्या त्या जानेवारीत सगळी संस्था ओव्हरकोट घालून काम करत होती. गरम पाण्याच्या पाइपला, मोजणीच्या जागेच्या अलीकडेच, एक फाटा फुटून भिंतीत शिरला होता. भिंतीपलीकडे, सुटे भाग धुण्याच्या खोलीत, ते भाग धुणारी क्लावामावशी खोली तापवणाऱ्या रेडिएटरशेजारी बिनबाह्यांच्या झग्यात बसली होती.

"मावशी, हा रेडिएटर कुठून आला?"

"बसवून घेतला. तुझं गरम पाणी गटारात जायचं, जीव तुटायचा बघ माझा!"

"अगं, माझे आठ किलोवॉट खाल्लेस तू! तीन महिने मी नळी खोलतोय!"

"आणि माझी बोटं गारठली असती, तर तुझी नळी कोण धुणार होतं रे?"

रोदियोनने रेडिएटर बंद केला. आकडा सरसर शंभरावर चढला. त्याला नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर काटा नव्वदावरच बसला. रोदियोन धावत मावशीच्या खोलीत गेला. पाच विजेच्या शेगड्या लालबुंद झाल्या होत्या आणि क्लिस्ट्रॉनला वीज पुरत नव्हती.

"बंद कर त्या!"

"मग रेडिएटर उघड. गारठून मरू का मी?"

शेवटी त्याने रेडिएटर उघडला आणि अध्यक्ष झाखार इग्नात्येविचना खरं काय ते सांगून टाकलं. "ब्याण्णव इथे आहेत. आठ मावशीकडे."

"कागदावर दाखवा."

"हात लावून बघा ना!"

मावशीच्या खोलीत येऊन अध्यक्षांनी रेडिएटरला एक हात लावला, मग दुसरा. टोपी काढली, कोट काढला. मावशीने चहा आणि रास्पबेरीचा मुरंबा पुढे केला. तासाभराने मावशीच्याच टेबलावर सही झाली: पूर्ण शंभर. रोदियोनच्या डोळ्यांत पाणी आलं.

आठवड्याने मॉस्कोहून फोन आला. "आणखी दोन क्लिस्ट्रॉन हवेत. तातडीने."

"कोणत्या रडारसाठी?" रोदियोनने उत्साहाने वही उघडली.

"रडार कसलं? अध्यक्षांच्या खोलीला दोन खिडक्या आहेत, प्रत्येकीखाली एक रेडिएटर लागतो."