सुझानचं यीस्ट आणि पास्कल अंकलची कढई

"ताडीवर आजवर कुणाला पीएच.डी. मिळाली नसेल, मला मिळणार! सोमवारी गाईडसरांच्या टेबलावर पुरावाच आदळते, बघच तू!" सांडोर गावच्या सुझानने मम्मीला ठणकावून सांगितलं.

माणूस घ्या, केळ घ्या, यीस्ट घ्या. सगळ्यांच्या काही प्रथिनांत चरबी पकडणारा एक भाग असतो. चिमटाच म्हणा ना! कोट्यवधी वर्षांत तो जीवाजीवांत कसा बदलत गेला, हा सुझानचा अभ्यास. गावातल्या एका ताडाच्या ताडीत तिला असं यीस्ट सापडलं, की त्याच्यासारखा वाकडा चिमटा कुठेच नाही! तो ताड गेल्या महिन्यात रस्त्यासाठी तोडला. उरली एक बाटली. तीही घरच्या फ्रिजमध्ये, कारण सर म्हणाले होते, "आमच्या लॅबच्या फ्रिजमध्ये ताडीला जागा नाही!"

रविवारी सुझान चर्चमधून आली, तर बाटली धुऊन उपडी घातलेली!

"मम्मी! यातलं काय केलंस?"

"फुग्यांच्या पिठात घातलं. संध्याकाळी बाप्तिस्मा ना! पीठ काय फुगलं गो!"

टोपलीत मैद्याचे शंभरेक फुगे, टम्म तळलेले. तळलं म्हणजे यीस्ट मेलं. आठ महिन्यांची मेहनत तेलात गेलेली पाहून सुझानला रडूच कोसळलं.

"कच्चं पीठ उरलं का गं?"

"एक गोळा शेजारी टिफनीला दिला. असं पीठ एकट्याने ठेवतात का?"

सुझान धावली. टिफनी म्हणाली, "अर्धं मी तळलं, अर्धं पलीकडच्या पास्कल अंकलना दिलं."

पास्कल अंकलची कढई तापलेली, शेवटचा गोळा हातात!

"थांबा! एकही तळायचा नाही!"

"अगो, एक तरी!"

"अर्धासुद्धा नाही!" सुझानने गोळा हिसकावून डब्यात कोंबला.

सोमवारी उन्हातून, बसमधून तो डबा सरांच्या टेबलावर पोचला. सुझानने हात लावायच्या आत झाकण उडालं आणि पीठ सरांच्या शर्टावर!

"हे काय आहे?"

"पुरावा, सर! जिवंत आहे! आता जागा देताय, की दुसरा डबा उघडू?"

"देतो, देतो!" सरांनी स्वतःचं जेवण बाहेर काढून पीठ फ्रिजमध्ये ठेवलं.

दुसऱ्या डब्यात मम्मीने दिलेले फुगे होते. दुपारपर्यंत सरांनी त्यातले चौदा संपवले. मग बोटं चाटत ते फ्रिजकडे बघायला लागले.

"सुझान, त्यातलं थोडंसं पीठ..."

तेव्हापासून फ्रिजला कुलूप आहे, आणि किल्ली सुझानच्या गळ्यात, क्रॉसशेजारी.