डावीकडे जाणारी सायकल, प्रती तीन

सेतुमाधवरावांनी सन १९१२ च्या दिवाळीत घेतलेली सायकल डावीकडे जात असे. सरळ जा म्हटलं तरी डावीकडे, आणि उजवीकडे वळवली तर थोडा वेळ विचार करून डावीकडेच. गोष्ट त्रासाची होती, पण गंभीर नव्हती. ती गंभीर झाली सेतुमाधवरावांनी सायकलीबरोबर आलेला छापील कागद वाचला तेव्हापासून.

कागद म्हणजे मद्रासच्या मेसर्स पॉटलवर्थ आणि कंपनीचं हमीपत्र होतं. एका वर्षाच्या आत कारखान्याचा दोष पुराव्यानिशी सिद्ध झाल्यास कंपनी नवी सायकल देईल, असं त्यात लिहिलं होतं. सेतुमाधवरावांनी 'पुराव्यानिशी' या शब्दाखाली तांबड्या शाईने रेघ ओढली आणि खुशीने हात चोळले. दुसरा कोणी असता तर घाबरला असता. पण सेतुमाधवरावांच्या घराण्याने तंजावरच्या दरबारचं मोडी दप्तर चार पिढ्या सांभाळलं होतं. त्यांच्याकडे प्रत्येक कागदाच्या तीन प्रती होत असत : एक ज्याची त्याला, एक घरात, एक वरिष्ठांच्या माहितीसाठी. राज्य खालसा झालं त्या दिवशी वाडाभर रडारड चालली असताना त्यांच्या आजोबांनी साहेबाकडून राज्य मिळाल्याची पोच घेतली होती, तीन प्रतींत. तिसरी प्रत कुठल्या वरिष्ठांना पाठवायची हे न कळल्यामुळे ती अजून माळ्यावर होती.

सायकलीची गरज मात्र खरी होती. एकोणीस वर्षं सेतुमाधवराव कुंभकोणच्या दप्तर फेरतपासणी कचेरीतल्या बिनखिडकीच्या खोलीत कागदांची धूळ खात बसले होते. खोकला इतका झाला होता की बायको भागीरथीबाई गल्लीच्या तोंडाशीच त्यांना ओळखत. आता फिरत्या तपासनिसाची जागा निघाली होती. नाचियारकोविल, आडुतुरै, दारासुरम, गावोगाव जाऊन तिथली दप्तरं पाहायची; वाटेत भातखाचरं, मोकळा वारा. अट एकच होती : उमेदवाराकडे चालू स्थितीतलं स्वतःचं वाहन असावं. पुढच्या दिवाळीआधी पाहणी व्हायची होती.

सगळ्यात आधी सायकल पाहिली ती नाचियारकोविलच्या सुंदरेश आसारीने. तो पितळी समया ओतणारा. उभी समई एका डोळ्याने पाहून तिचा बाक सांगणारा माणूस. कुंभकोणला माल पोचवायला आला असता त्याने सायकलीकडे तसंच पाहिलं.

"रायर," तो म्हणाला, कारण तिकडची तामीळ माणसं मराठी ब्राह्मणाला रायर म्हणतात, "पुढच्या चाकाचा चिमटा वाकलाय. आणा इकडे. विडा चघळून होईपर्यंत सरळ करून देतो."

"खबरदार!" सेतुमाधवराव सायकलीपुढे आडवे आले. "हा पुरावा आहे. तू पुरावा सरळ करणार?"

सुंदरेशने हात मागे घेतला. समयांच्या धंद्यात त्याला असा प्रश्न कधी पडला नव्हता.

तक्रार गेली. कंपनीचं उत्तर आलं की प्रतिष्ठित साक्षीदारांचे दाखले पाठवावेत, चौकशी चालू असेतो सायकल दुरुस्त करू नये आणि रोज वापरावी. कारण दुरुस्त केलेल्या सायकलीत दोष उरत नाही आणि न वापरलेल्या सायकलीला दोष दाखवण्याची संधी मिळत नाही. सेतुमाधवरावांना हे म्हणणं फार रास्त वाटलं.

ते रोज सायकलीने निघू लागले. घर शारंगपाणीच्या देवळाजवळ, कचेरी नाकासमोर. पण देवळाचा कोपरा आला की सायकल डावीकडे वळे, पुढच्या कोपऱ्याला पुन्हा डावीकडे, आणि चारी रस्ते फिरून सेतुमाधवराव आपल्याच दारावरून जात. सायकलीला आवरायला ते सगळं अंग उजवीकडे टाकत. तरी दोन-तीन फेऱ्या झाल्याशिवाय कचेरीचा रस्ता लागत नसे. आता देवाला उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा घालतात हे लहान मुलालाही ठाऊक आहे. उलटी फेरी माणूस घालतो ती घरात कोणी गेल्यावर, क्रियाकर्मात.

चौथ्या दिवशी शेजारच्या अलमेलूमामी तोंडाला पदर लावून आल्या आणि हलकेच म्हणाल्या, "कोण गेलं?"

"कोण्ही नाही गेलं," भागीरथीबाई आपल्या तंजावरी मराठीत म्हणाल्या. "ह्यांनी सायकल घेट्ली."

मामींचा विश्वास बसला नाही. सुतकाच्या घरून आल्यासारखी अंघोळ करूनच त्या आपल्या घरात शिरल्या.

सेतुमाधवरावांना या बोभाट्याने आनंदच झाला, कारण सगळं गाव साक्षीदार झालं होतं. देवळातल्या पुजारी भट्टरांनी लिहून दिलं की हे गृहस्थ रोज उलट्या प्रदक्षिणा घालतात आणि याला शास्त्रात आधार नाही. कोपऱ्यावरच्या केळीवाल्याने अंगठा उठवून दिला की आजवर सात वेळा रायर माझ्या टोपल्यांत आले, आणि दर वेळी उजवीकडून आले. दोन वकील, एक गवई, एक पेन्शनर मुन्सफ, असे एकूण बावन्न दाखले झाले. सेतुमाधवरावांनी प्रत्येकावर क्रमांक घातला, यादी केली, शिवून बस्ता बांधला.

कंपनीने लिहिलं : सायकल डावीकडे जाते हे सिद्ध झालं. आपला गाव डावीकडे उतरता नाही, हे सिद्ध झालेलं नाही.

"बघ, किती बारकाईने वाचतात!" सेतुमाधवराव भागीरथीबाईंना म्हणाले. त्यांना कंपनीबद्दल आदर वाटू लागला होता. त्यांनी सरकारी मोजणीदाराला गाठलं. मोजणीदाराने साखळी टाकून चार दिवस चारी रस्ते मोजले आणि जमीन सपाट असल्याचं दहा कागदांवर लिहून दिलं. मोजताना अलमेलूमामींचा ओटा दीड हात सरकारी रस्त्यात आलेला निघाला. तो पाडला गेला. मामींनी बोलणं सोडलं. तेही एका परीने बरं झालं, कारण त्या अजून कोण गेलं ते विचारत होत्या.

मग कंपनीने लिहिलं : सायकल डावीकडे जाते, जमीन सपाट आहे. स्वाराविषयी एकही कागद जोडलेला दिसत नाही.

सेतुमाधवराव ओशाळले. एवढी ढळढळीत चूक आपल्या हातून कशी झाली! त्याच दिवशी त्यांनी यादीत लिहून टाकलं, 'क्रमांक त्रेसष्ट : स्वार सरळ असल्याबद्दल डॉक्टरी दाखला,' आणि मग ते सरकारी डॉक्टर कृष्णमूर्तींकडे गेले.

डॉक्टरांनी त्यांना भिंतीपाशी उभं केलं, दोरी लावली, मान हलवून पाहिली.

"रायर, तुम्ही उजवीकडे कलला आहात. खांदा सव्वा इंच खाली आहे."

"तो सायकलीमुळे! अकरा महिने तिला आवरतोय!"

"ते मला तपासता येणार नाही. मी माणसांचा डॉक्टर."

"निदान तसं लिहा तरी."

"मी दिसतं तेवढंच लिहितो," डॉक्टर म्हणाले. सेतुमाधवरावांनी दाखला तसाच घेतला, कारण हाच त्यांच्या घराण्याचा नियम होता.

घरी भागीरथीबाईंनी तो दाखला दोनदा वाचला. "ऐकां. अस्के बासष्ट कागद पाठवा, हा येक नको."

"यादीत त्रेसष्ट घातलोंय."

"मग खोडा."

"यादींत खोडतात?" सेतुमाधवरावांनी यादी छातीशी धरली. "बासष्टानंतर येकदम चौसष्ट? आजोबा काय म्हणतील?"

"आजोबांना सायकल कोटे होती!" भागीरथीबाई म्हणाल्या. पण कागद गेला. एक प्रत कंपनीला, एक घरात, आणि तिसरी, घराण्याच्या रिवाजाप्रमाणे, कचेरीत वरिष्ठांच्या माहितीसाठी.

कंपनीचा निर्णय आठवड्यात आला. पुरावा आमच्या इतिहासात अजोड आहे, असं लिहून त्यांनी म्हटलं होतं की जमीन सपाट आहे आणि स्वार उजवीकडे कललेला आहे, हे आपणच सिद्ध केलं. अशा स्वाराला पाडू नये म्हणून सायकल आपण होऊन डावीकडे भार घेते. हा दोष नसून गुण आहे, आणि याबद्दल कंपनी सायकलीचं अभिनंदन करते. स्वार आमच्या कारखान्यात तयार झालेला नसल्याने त्याची हमी देता येत नाही.

कचेरीत शिरस्तेदार कल्याणराम अय्यरांनी तिसरी प्रत वाचली. माणूस चांगला होता. त्यांनी सेतुमाधवरावांना बसायला खुर्ची दिली.

"तुमचं वाहन उत्तम आहे, कंपनीचंच पत्र आहे. ती अट पुरी झाली. पण सरकारी डॉक्टरांच्या सहीनिशी तुम्ही स्वतः चालू स्थितीत नाही. सव्वा इंच कललेल्या माणसाने गावोगावची दप्तरं सरळ आहेत म्हणून लिहिलं, तर ते कोण मानणार?"

"पण मी सरळ आहे, सर!"

"कागद आहे?" अय्यरांनी मायेने विचारलं.

फिरत्या तपासनिसाची जागा दुसऱ्याला गेली. त्याच्याकडे सायकल नव्हती, पण त्याच्याविषयी एकही कागद नव्हता. सेतुमाधवराव पुन्हा बिनखिडकीच्या खोलीत आले. पहिलं काम म्हणून त्यांना स्वतःचाच बस्ता फळीवर लावायला मिळाला, आणि तो उचलताना धुळीने खोकल्याची अशी उबळ आली की ते खाली बसले. नाचियारकोविलच्या रस्त्यावरचा वारा त्यांनी वर्षभर मनात घोळवला होता. त्यांना फार वाईट वाटलं आणि ते रडले.

दुसऱ्या दिवशी भागीरथीबाईंनी कोणालाही न विचारता सायकल गावात माल घेऊन आलेल्या सुंदरेशपुढे नेऊन उभी केली. त्याने लाकडी हातोड्याने चार ठोके दिले. विडा अजून तोंडातच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सेतुमाधवराव सायकलीवर बसले. सायकल बाणासारखी सरळ झाली होती. सेतुमाधवराव झाले नव्हते. देवळाच्या कोपऱ्यावर कचेरी समोर दिसत असताना ते उजवीकडे वळले, पुढच्या कोपऱ्याला पुन्हा उजवीकडे, आणि चारी रस्ते फिरून दारावरून गेले. या खेपेला प्रदक्षिणा बरोबर होती. भट्टरांनी समाधानाने मान हलवली. अलमेलूमामींनी आपल्या पाडल्या गेलेल्या ओट्याच्या विटांवर उभं राहून हात जोडले.

"सरळ बसां ओ!" भागीरथीबाई दारातून ओरडल्या.

"सरळच बसलोंय!" सेतुमाधवराव अगदी मनापासून म्हणाले आणि पुढे गेले. पुढच्या फेरीला त्यांचा चेहरा उजळलेला दिसला. "सायकल आता उजवीकडे जाते! हमी संपायला आठ दिवस आहेत!" तिसऱ्या फेरीला, "कागद काढून ठेव!" चौथ्या फेरीला नुसतीच तीन बोटं दिसली.

वाचकांना हसू आलं असेल. त्याला हरकत नाही. फक्त हे वाचताना आपली मान कोणत्या बाजूला कलली होती, ते एकदा पाहून घ्यावं. ती सरळच होती असं आपलं म्हणणं असल्यास तसा दाखला दोन प्रतिष्ठित गृहस्थांच्या सहीनिशी जोडावा. तोंडी सांगणं ग्राह्य धरलं जाणार नाही.